बोकडाच्या हृदयातून रक्ताची वाट कशी शोधावी

बारावीच्या मुलांना हृदयाचे चित्र काढायला सांगितले तर बहुतेक जण ते बिनचूक काढतात, बाणही योग्य दिशेने दाखवतात. आणि मग ‘उजवे निलय, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा, फुप्फुसांकडे रक्त ढकलत असते, त्या क्षणी डावे निलय काय करत असते?’ एवढे विचारले की वर्गात शांतता पसरते. मुंबईत परळच्या बाजूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि ‘ते आपली पाळी येण्याची वाट पाहत असते’ हे उत्तर मला दरवर्षी कोणी ना कोणी दिलेच. यात मुलांची चूक नाही. आपण ही वाट गोष्टीसारखी सांगतो, आधी इथे, मग तिथे, नंतर पलीकडे. त्यामुळे हृदयाचे काम एकामागून एक टप्प्यांनी चालते असा समज होतो आणि तो पुढे वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सोबत येतो.

हा समज घालवायचा असेल तर वाट पाठ करण्याऐवजी ती बोटाने चाचपून पाहावी. त्यासाठी बोकडाचे एक हृदय, स्वयंपाकघरातली परात आणि एक मोकळी सकाळ एवढे पुरते. बोकडाच्या हृदयातही आपल्यासारखेच चार कप्पे आणि चार झडपा असतात. जेथे फरक आहे तेथे तो मी सांगेनच.

हृदय आणायला रविवारी जाऊ नये. रविवारच्या रांगेत मटणवाल्याला आपले म्हणणे ऐकून घ्यायला सवड नसते, आणि येथे तर त्याच्याकडून थोडी काळजी हवी असते. मंगळवार किंवा बुधवार बरा. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावे आणि सकाळी देवनारच्या कत्तलखान्यातला माल दुकानात लागल्यावर लगेच जावे. मागताना ‘दिल’ म्हणावे, काळीज म्हणू नये. आपल्या भाषेत काळीज धडधडते, काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात. पण खाटकाच्या सुरीखाली काळीज म्हणजे यकृत. पहिल्या खेपेस मी शुद्ध मराठीत काळीज मागितले आणि घरी येऊन पुडी उघडली तेव्हा आत पाव किलो कलेजी निघाली. त्या दिवशीचा धडा रद्द झाला, जेवण मात्र चांगले झाले.

दुकानदाराला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. हृदयाला चीर देऊ नये, कारण आतले रक्त काढण्यासाठी ते उभे चिरून देण्याची त्यांची सवय असते. वरच्या नळ्या जेवढ्या लांब ठेवता येतील तेवढ्या ठेवाव्यात. आणि वरची चरबी साफ करू नये, कारण चरबीच्या त्या पट्ट्यांवरूनच आपल्याला आतल्या भिंती कोठे आहेत ते कळणार आहे. शक्य असेल तर दोन हृदये घ्यावीत. एक कापायला आणि एक कापताना चूक झाल्यास हाताशी असावे म्हणून.

घरी बोथट टोकाची कात्री, विणकामाची एक सुई, निळ्या आणि लाल लोकरीचा हातभर तुकडा, औषधांच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली मोठी सिरिंज, पट्टी आणि पातळ हातमोजे जमवून ठेवावेत. चाळीत किंवा ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या इमारतीत राहणाऱ्यांनी एक बादली आधीच भरून ठेवावी, कारण पाणी भरपूर लागते. लहान मुले सोबत असतील तर कात्री मोठ्या माणसाच्याच हातात राहू द्यावी.

प्रथम हृदय वाहत्या पाण्याखाली धरून हलके दाबावे. नळ्यांच्या तोंडातून काळपट, जेलीसारख्या गुठळ्या बाहेर येतील. त्या पूर्ण निघेपर्यंत धीर धरावा. आत गुठळी राहिली तर पुढे झडपांचा प्रयोग फसतो आणि दोष मात्र झडपेला दिला जातो.

आता हृदय परातीत ठेवून डावे-उजवे ठरवायचे. येथे पुष्कळ जण अडखळतात, कारण हृदयाचे उजवे म्हणजे ज्याचे ते हृदय आहे त्याचे उजवे. तो प्राणी माणसासारखा उभा आपल्याकडे तोंड करून आहे असे समजावे, म्हणजे त्याचे उजवे आपल्या डाव्या हाताला येते. पुस्तकातली चित्रेही अशीच काढलेली असतात. पुढची बाजू ओळखण्याची खूण अशी की त्या बाजूने चरबीचा एक पट्टा तिरपा खाली उतरताना दिसतो आणि वर, सगळ्यांत पुढे, एक जाड नळी असते जिच्या दोन्ही बाजूंना सुरकुतलेल्या कानाच्या पाळीसारखे दोन भाग टेकलेले असतात. जुन्या पुस्तकांत वरच्या कप्प्याला कर्णिका म्हणत असत, ते या कानांवरूनच. नव्या पुस्तकांतले शब्द अलिंद आणि निलय असे आहेत. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहते घर. आलेला पाहुणा आधी ओसरीवर टेकतो आणि मग आत जातो, हे ध्यानात ठेवले तर कोणता कप्पा वर आणि कोणता खाली याचा गोंधळ कधीच होत नाही.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर बोटांनी खात्री करावी. तिरप्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे मांस चिमटीत दाबून पाहावे. एका बाजूचे मऊ लागेल आणि आत दबेल. ते उजवे निलय. दुसऱ्या बाजूचे घट्ट मूठ आवळल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जसे लागते तसे टणक लागेल, ते डावे. हृदयाचे खालचे निमुळते टोक याच डाव्या निलयाचे असते.

रक्ताची वाट उजव्या अलिंदापासून सुरू करावी. उजव्या कानाजवळ, थोडे मागच्या बाजूला, पातळ भिंतीची एक नळी सापडेल. ती डोके, मान आणि हातांकडून रक्त आणणारी ऊर्ध्व महाशीर. तिच्यातून विणकामाची सुई हलकेच आत घातली की ती सरळ खाली जाऊन दुसऱ्या एका छिद्रातून बाहेर पडते; ती पोट आणि पायांकडून येणारी अधो महाशीर. सुईला निळी लोकर बांधून ती आरपार ओढून घ्यावी. बोकड चार पायांवर चालत असल्याने त्याच्यात या शिरांना वरची-खालची म्हणण्यापेक्षा पुढची-मागची म्हणणे अधिक बरोबर, परंतु काम तेच. सुई इतक्या सहज आरपार गेली याचा अर्थ दोन्ही शिरा समोरासमोर उघडतात आणि त्यांच्या तोंडाशी निलयातल्यासारखी झडप नाही. रक्त येथे ढकलले जात नाही, ते ओसरीवर येऊन साचत राहते, आणि निलय आकुंचन पावत असतानाही हे येणे थांबत नाही.

आता कात्रीचे बोथट टोक ऊर्ध्व महाशिरेत घालून अलिंदाची भिंत उजव्या कडेने खाली कापत जावे, आणि अलिंद संपते तेथे थांबावे. पुढे कापण्याचा मोह आवरावा. अलिंद उघडून आत पाहिल्यावर तळाशी तीन पातळ, पांढरट पडदे खाली लोंबताना दिसतील. ही त्रिदल झडप. तिच्याजवळच आणखी एक लहान तोंड असते, ज्यातून हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना पुरवलेले रक्त परत येते. परीक्षेच्या उत्तरात हे तिसरे तोंड सहसा विसरले जाते.

या ठिकाणी सिरिंजमध्ये पाणी भरून तिचे तोंड त्रिदल झडपेच्या मधून निलयात न्यावे आणि पाणी सोडावे. पुढच्या जाड नळीचे तोंड दुसऱ्या माणसाने चिमटीत घट्ट बंद करून धरावे. निलय भरत आले की पडदे आपोआप वर तरंगू लागतात. मग सिरिंज काढून निलयाला बाहेरून बोटांनी दाबावे. तिन्ही पडदे फुगून एकमेकांना चिकटतात, पाणी वर येत नाही, आणि दाब सोडताच ते पुन्हा सैल पडतात. माझ्या वर्गात हे पाहून दरवर्षी कोणीतरी ‘सर, याला कोण बंद करतं?’ असे विचारत असे, आणि तोच मला हवा असलेला प्रश्न होता.

कोणीही बंद करत नाही. मुंबईकराला हे समजावून सांगण्यासाठी मी हाजी अलीच्या उदंचन केंद्राचा आधार घेतो. भरती असताना समुद्राचे पाणी नाल्यात शिरू नये म्हणून तेथे दरवाजे बंद करावे लागतात आणि आत साचलेले पावसाचे पाणी पंपांनी समुद्रात फेकावे लागते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर अशा केंद्रांचे महत्त्व शहराला नव्याने सांगण्याची गरज उरली नाही. तेथे दरवाजा पाडायला यंत्र आणि माणूस लागतो. हृदयाच्या दरवाजाला दोन्ही लागत नाहीत, कारण त्याला बंद करणारी भरतीच असते. ज्या बाजूचा दाब जास्त, ती बाजू पडद्यांना ढकलते. रक्त जिकडून येते तिकडचा दाब जास्त असेल तर दार उघडते, जिकडे जाते तिकडचा जास्त झाला तर मिटते. चारही झडपांना हा एकच नियम लागू आहे. तो नीट कळला तर रक्ताची वाट पाठ करण्याची गरज राहत नाही, ती प्रत्येक वेळी विचार करून काढता येते.

यानंतर कात्री तशीच खाली नेऊन उजवे निलय उघडावे. पडद्यांच्या खालच्या कडांना शिवणाच्या दोऱ्यासारखे बारीक, पांढरे, चिवट धागे जोडलेले दिसतील आणि ते निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या मांसल खुंट्यांना बांधलेले असतील. एक धागा सुईने उचलून ताणून पाहावा. तो सहज तुटत नाही. हे धागे झडप उघडण्यासाठी असतात असे पुष्कळांना वाटते, पण ते उघडण्याचे काम मुळीच करत नाहीत. वाऱ्याने छत्री उलटी होऊ नये म्हणून जशा काड्या तिला धरून ठेवतात, तसे निलय आवळले जाताना पडदे अलिंदात उलटे फिरू नयेत म्हणून हे धागे त्यांना धरून ठेवतात. आणि ज्या खुंट्यांना ते बांधलेले असतात त्या खुंट्या निलयासोबतच आकुंचन पावतात, त्यामुळे निलय लहान झाले तरी धागे सैल पडत नाहीत. निलयाच्या पोकळीत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेलेला मांसाचा एक पट्टाही दिसेल. तो चुकून कापला गेला तर वाईट वाटून घेऊ नये, मात्र कापण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावा, कारण आकुंचनाचा विद्युत्संदेश पलीकडच्या भिंतीपर्यंत नेणारे तंतू त्यातून जातात.

उजव्या निलयात तर्जनी घालून ती वर आणि पुढे सरकवली की ती त्या पुढच्या जाड नळीतून बाहेर येते. ही फुप्फुस धमनी. लक्षात येईल की बोट आत जाताना एका दिशेने गेले आणि बाहेर येताना वळण घेऊन दुसऱ्या दिशेने आले. उजव्या निलयात आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा मार्ग वेगवेगळा असून त्यांच्यामध्ये मांसाचा उंचवटा आहे. नळीच्या तोंडाशी तीन छोट्या खिशांसारख्या अर्धचंद्राकृती पडद्यांची झडप असते. त्या पडद्यांना धागे नाहीत, कारण परतणारे रक्त खिशांत भरले की ते फुगून आपोआप एकमेकांना भिडतात.

फुप्फुस धमनीच्या नावावरून दरवर्षी गुण जातात. जी रक्त हृदयापासून दूर नेते ती धमनी, जी हृदयाकडे आणते ती शीर. आत कोणते रक्त आहे याचा या नावांशी काहीही संबंध नाही. जुन्या पुस्तकांत यांनाच रोहिणी आणि नीला म्हटलेले आढळेल. याच ओघात एक तक्रार नोंदवतो. ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ हे आपल्याकडचे शब्द आता सोडून द्यायला हवेत. शिरेतले रक्त घाण नसते, निळेही नसते; तपासणीसाठी दंडातून काढलेले रक्त काचेच्या नळीत गडद लाल दिसते, ते हेच. विश्रांतीच्या वेळी त्यातल्या हिमोग्लोबिनचा साधारण पंचाहत्तर टक्के भाग अजूनही ऑक्सिजनने भरलेला असतो. ज्याच्याकडे तीन चतुर्थांश माल शिल्लक आहे त्याला अशुद्ध कसे म्हणावे?

फुप्फुसांतून परतलेले रक्त डाव्या अलिंदात येते. माणसात ते बहुधा चार शिरांनी येते. बोकडाच्या हृदयात, त्यातही खाटकाने आखूड कापलेल्या, ही तोंडे चारच मोजता येतील असे नाही, म्हणून आकड्याचा हट्ट धरू नये. मागच्या बाजूने त्यांपैकी एका तोंडातून कात्री घालून डावे अलिंद आणि त्याखालचे डावे निलय डाव्या कडेने थेट टोकापर्यंत कापावे. कात्रीला लागणारा जोर लगेच जाणवेल. दोन्ही निलयांच्या कापलेल्या भिंतींना पट्टी लावून जाडी मोजावी आणि लिहून ठेवावी. माणसात उजव्या निलयाची भिंत तीन ते चार मिलिमीटर आणि डाव्याची साधारण एक सेंटिमीटर असते. उजव्याला फुप्फुसांपर्यंतच जायचे असते, आणि ती तर शेजारचे बिऱ्हाड. पंचवीस मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब त्याला पुरतो. डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळे शरीर सांभाळायचे असल्याने त्याचा दाब एकशेवीसच्या घरात जातो.

येथे एक गैरसमज हमखास होतो. भिंत जाड आहे म्हणून डावे निलय जास्त रक्त फेकत असेल असे वाटते. तसे नाही, जोर वेगळा, माप सारखेच. विश्रांतीच्या वेळी प्रत्येक ठोक्याला दोन्ही निलये प्रत्येकी सुमारे सत्तर मिलिलीटर रक्त बाहेर टाकतात, मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर पाच लिटर, म्हणजे शरीरात जवळजवळ जेवढे रक्त आहे तेवढे. समजा उजव्या निलयाने प्रत्येक ठोक्याला फक्त एक मिलिलीटर रक्त जास्त पाठवले आणि डाव्याने ते पुढे नेले नाही. तासाभरात फुप्फुसांत चार लिटरहून अधिक रक्त साचेल. हा हिशेब मुलांना स्वतः करू द्यावा. त्यानंतर दोन्ही बाजू एकाच वेळी काम करतात हे त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरून परत येते हे दाखवले, तेव्हा त्यांचा एक मोठा आधार असाच साध्या गुणाकाराचा होता: अर्ध्या तासात हृदयातून जेवढे रक्त जाते तेवढे खाल्लेल्या अन्नातून तयार होणे शक्यच नाही.

डाव्या निलयातली द्विदल झडप, जिला डॉक्टर मायट्रल म्हणतात, नावाप्रमाणे दोन पडद्यांची आहे. आता या संपूर्ण खटाटोपातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. दोन पडद्यांपैकी मोठा, हृदयाच्या मध्याकडचा पडदा बोटाने हलकेच बाजूला करावा आणि त्याच्या मागे बोट वर सरकवावे. ते थेट महाधमनीतून, म्हणजे सगळ्या शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य नळीतून, बाहेर येईल. उजव्या बाजूला येण्याचा आणि जाण्याचा मार्ग दूर दूर होता. येथे मात्र दोन्ही मार्ग शेजारी शेजारी असून त्यांच्यामध्ये मांसाची भिंत नाही, फक्त हा एक पातळ पडदा आहे. निलय भरत असताना तो दरवाजा असतो आणि निलय रिकामे होत असताना तोच बाहेर जाणाऱ्या मार्गाची भिंत होतो. कोणत्याही सपाट आकृतीत हे नीट दाखवता येत नाही. चित्रात महाधमनी निलयाच्या वर कोठेतरी चिकटवल्यासारखी दिसते आणि मुलांना वाटते की रक्त मागे फिरून अलिंदाच्या वाटेनेच वर जाते. बोट एकदा त्या पडद्यामागून गेले की ही शंका उरत नाही. लाल लोकर याच वाटेने, डाव्या अलिंदातून निलयात आणि पडद्यामागून महाधमनीत ओढून घ्यावी.

कापण्याच्या भरात महाधमनी खराब झाली नसेल तर तिच्यात वरून पाणी ओतून पाहावे. दुसरे हृदय आणले असेल तर हा प्रयोग त्याच्यावरच करावा. तीन खिसे पाण्याने भरून फुगतात, मध्यभागी तीन रेघांची चांदणी तयार होते आणि पाणी निलयात उतरत नाही. तरीही पातळी हळूहळू कमी होताना दिसली तर घाबरू नये, हृदय बाहेरून नीट पाहावे. कापलेल्या चरबीतून कोठेतरी पाण्याचे थेंब येत असतील. ही गळती झडपेची नाही. खिशांच्या अगदी वर महाधमनीच्या भिंतीत दोन बारीक छिद्रे असतात, त्यांतून हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमन्या निघतात आणि पाणी त्या वाटेने गेलेले असते. अँजिओग्राफीत जी ‘ब्लॉकेज’ शोधतात ती याच नळ्यांमधली. डाव्या निलयाच्या स्नायूला यांतून बहुतांश रक्त तो सैल असतानाच मिळते, कारण आवळलेल्या स्नायूत त्या बारीक नळ्या दाबल्या जातात. महाधमनीतून निघणाऱ्या फांद्यांत बोकड आणि माणूस यांचा फरक आहे: माणसात तिच्या कमानीवरून, म्हणजे वरच्या बाकदार भागावरून, तीन धमन्या निघतात, बोकडात एकच जाड नळी निघून पुढे विभागते. खाटकाने कमान कापलेली असेल तर अर्थातच यांपैकी काहीच दिसणार नाही.

दोन्ही बाजू उघडून झाल्यावर मधली भिंत उजेडासमोर धरावी. निलयांमधली भिंत जाड, अखंड. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याचे म्हणणे होते की या भिंतीतल्या अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, आणि त्याचा शब्द शतकानुशतके प्रमाण मानला गेला. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल्-नफीस यांनी अशी छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतूनच जाते असे लिहून ठेवले. अलिंदांमधल्या भिंतीत मात्र एक अंडाकृती खळगा दिसतो, जेथून उजेड अधिक येतो. गर्भात फुप्फुसे श्वास घेत नसल्याने रक्त येथून थेट उजव्या अलिंदातून डाव्यात जात असते. जन्मानंतर डावीकडचा दाब वाढतो आणि ही खिडकी मिटते. सुमारे चौथा हिस्सा प्रौढ माणसांत ती पूर्णपणे चिकटलेली नसते आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

परळमध्ये शिकवल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी परळच्याच के. ई. एम. रुग्णालयात भारतातले पहिले हृदयरोपण केले. केप टाउनमध्ये जगातले पहिले हृदयरोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. आपल्या परातीतल्या हृदयाला किती नळ्या आहेत ते मोजून मग विचार करावा: माणसात दोन महाशिरा, फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरा, दोन मोठ्या धमन्या. त्या काळी रूढ झालेल्या पद्धतीत रुग्णाच्या अलिंदांच्या मागच्या भिंती शिरांसह तशाच ठेवत आणि नवे हृदय त्यांना शिवत, म्हणजे आठ जोडांऐवजी चारच जोड पुरत.

मेलेल्या हृदयात वाट सापडते, वेळ सापडत नाही. ती जिवंत छातीत शोधावी. शांत बसून जोडीदाराच्या छातीला डावीकडे कान लावावा आणि त्याच वेळी त्याच्या मनगटावरची नाडी धरावी. मिनिटाला पंचाहत्तर ठोके असतील तर प्रत्येक ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यांपैकी पहिल्या ०.१ सेकंदात दोन्ही अलिंदे एकदम आकुंचन पावतात, पुढच्या ०.३ सेकंदात दोन्ही निलये एकदम, आणि उरलेले ०.४ सेकंद चारही कप्पे सैल असतात. पहिला ‘लब्’ हा त्रिदल आणि द्विदल झडपा मिटल्याचा, दुसरा ‘डब्’ हा दोन्ही धमन्यांच्या झडपा मिटल्याचा. नाडी ‘लब्’नंतर किंचित उशिराने लागते, कारण महाधमनीत उठलेली लाट मनगटापर्यंत यायला थोडा वेळ घेते. निलये भरण्याचे बहुतेक काम त्या सैल अवस्थेतच होऊन जाते. अलिंदांचे आकुंचन उरलेले एक-पंचमांशाच्या आसपास रक्त वरून ढकलते. म्हणूनच अलिंदे नीट आकुंचन पावत नसलेला माणूसही हिंडू-फिरू शकतो, पण जिना चढताना त्याला धाप लागू शकते.

आता वही घ्यावी आणि पुस्तक न पाहता एक प्रश्न सोडवावा: गुडघ्यातला एक थेंब मेंदूत पोहोचेपर्यंत कोणकोणत्या कप्प्यांतून आणि झडपांतून जाईल? प्रत्येक झडपेपाशी थांबून, ती उघडली तेव्हा कोणत्या बाजूचा दाब जास्त होता आणि त्याच क्षणी समोरच्या बाजूची तशीच झडप कोणत्या स्थितीत होती, हे कंसात लिहावे. चार कप्पे आणि चार झडपा झाल्या, आणि प्रत्येक कंसात दोन्ही बाजूंची झडप सारख्याच स्थितीत निघाली, तर उत्तर बरोबर आहे. कोठे अडलेच तर परातीत लोकर अजून तशीच आहे. निळी त्रिदल झडपेतून खाली घालून फुप्फुस धमनीतून बाहेर काढावी आणि दोन्ही रंग शेजारी ठेवून पाहावे.

काम झाल्यावर हृदयाचे तुकडे कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावेत, लोकर आणि हातमोजे सुक्या कचऱ्यात घालू नयेत, वेगळ्या पिशवीत बांधावेत. परात आणि कात्री आधी थंड पाण्याने धुवावी, मग साबण आणि गरम पाण्याने. थेट गरम पाणी ओतले तर रक्त भांड्याला चिकटून बसते.